समाचाराच्या घरी चाळीस मिनिटे : कोकणातील सहल-आयोजकांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून परदेशी सहली नेणारे सर्व आयोजक व सहलप्रमुख

स.न.वि.वि.

गेल्या दिवाळीनंतर, भातकापणी आटोपून आणि कलमांवरची पहिली फवारणी सुरू व्हायच्या आत, आमच्या देवगड-मालवण पट्ट्यातील चौतीस माणसे व्हिएतनाम-कंबोडियाच्या दहा दिवसांच्या सहलीला गेली. त्यांत माझ्यासारखे निवृत्त शिक्षक होते, बँकेतून आणि एसटीतून निवृत्त झालेले होते, तीन बागायतदार जोडपी होती आणि जन्मात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या सहा-सात स्त्रिया होत्या. सहल एकंदरीत चांगली झाली. विमाने वेळेवर सुटली, खोल्या स्वच्छ होत्या, परक्या मुलखात रोज रात्री वरणभात मिळाला. हे सगळे जुळवून आणणे किती जिकिरीचे असते याची मला कल्पना आहे. शाळेच्या सहलीला साठ मुले पन्हाळ्याला नेऊन सुखरूप परत आणताना माझी झोप उडत असे. म्हणून ही पावती आधी देतो. पुढचे सगळे पत्र त्या दहा दिवसांपैकी एकाच दिवसाबद्दल आहे.

आम्हांला नेणाऱ्या कंपनीचे नाव मी घेणार नाही. परत आल्यावर मी आणखी चार आयोजकांची पत्रके मागवून वाचली आणि कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह इथला तो दिवस सगळ्यांनी जवळजवळ सारखाच आखलेला दिसला, तेव्हा दोष एकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. आमच्या पत्रकात त्या दिवसाची ओळ अशी होती : सकाळी राजवाडा, तुओल स्लेंग म्युझियम, रशियन मार्केटमध्ये खरेदी, भारतीय जेवण, दुपारी किलिंग फील्ड्स, संध्याकाळी नदीत बोटीची सफर आणि नाचगाणे. तुओल स्लेंग आणि खरेदी यांच्यामध्ये फक्त एक स्वल्पविराम होता. माझ्या तक्रारीचे मूळ त्या स्वल्पविरामात आहे.

तुओल स्लेंग हे हायस्कूल आहे. 'होते' असे लिहायला हवे हे मला कळते, पण ज्याचा जन्म शाळेत गेला त्याला फाटकातून आत पाऊल टाकल्यावर दुसरे काही दिसतच नाही. तीन मजली इमारती, त्यांचे लांबच लांब व्हरांडे, मध्ये मैदान, मैदानात नारळ आणि पांढरा चाफा. आपल्याकडे चाफा एकतर देवळाच्या आवारात असतो नाहीतर शाळेच्या, त्यामुळे क्षणभर परदेशात आल्याचेच विसरायला होते. वर्गात पिवळसर आणि पांढऱ्या चौकटींची फरशी आहे, मुलांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. त्या फरशीवर मधोमध एक लोखंडी खाट ठेवलेली आहे, खाटेवर बेडी आहे, आणि भिंतीवर एक फोटो आहे, ज्यात त्याच खाटेला जखडलेले एक प्रेत दिसते. पुढच्या वर्गात पुन्हा खाट, पुन्हा फोटो. मैदानात कसरतीचा उंच लाकडी सांगाडा उभा आहे. मुलांना पीटीच्या तासाला त्यावर चढवत असावेत. पुढे त्याच सांगाड्याला कैद्यांना हात पाठीमागे बांधून टांगत, आणि शुद्ध हरपली की खालच्या रांजणातल्या घाण पाण्यात डोके बुडवून पुन्हा शुद्धीवर आणत. ते रांजण अजून तिथेच आहेत. आपल्या पडवीत पाण्याला ठेवतो तसे साधे, मातीचे, मोठे रांजण.

आमच्या सहलप्रमुखाने फाटकाशी सर्वांना गोळा करून सांगितले की, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने कैद्यांना ठेवलेला हा तुरुंग आहे, चाळीस मिनिटांत बघून घ्या आणि सव्वाअकराला गाडीपाशी या. मुलगा चांगला होता, मेहनती होता, दहा दिवस आमच्या गोळ्या-औषधांच्या वेळासुद्धा त्याने सांभाळल्या. पण तो जे बोलला ते साफ चूक होते, आणि आमच्यातल्या बहुतेकांना ते पटले, कारण दोनच दिवसांपूर्वी आम्ही व्हिएतनाममधील कू चीची भुयारे पाहिली होती आणि अमेरिकेचे नाव डोक्यात ताजे होते. सोबतच्या स्थानिक मार्गदर्शक बाई इंग्रजीत बोलत होत्या. एका वर्गाबाहेर थांबून त्यांनी सांगितले की त्यांच्या आईची दोन भावंडे त्या काळात गेली आणि ती नेमकी कुठे गेली ते घरात कोणाला आजतागायत ठाऊक नाही. त्याचे मराठीत आमच्यापर्यंत पोचले ते एवढेच : "पुढे चला, वरच्या मजल्यावर सगळं असंच आहे."

जे सांगायला हवे होते ते फार लांबलचक नाही. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या. त्याआधीची पाच वर्षे देशात यादवी चालू होती, १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकेने कंबोडियाच्या खेड्यांवर प्रचंड बाँबवर्षाव केला होता, आणि लढाईला विटलेल्या शहरातल्या अनेकांनी या फौजांचे रस्त्यावर येऊन स्वागतही केले. (म्हणजे अमेरिकेचा संबंध नव्हताच असे नाही, पण तो हा नव्हे.) त्याच दिवशी शहर रिकामे करायला सुरुवात झाली. वीस लाखांच्या आसपास माणसे, त्यांत इस्पितळातले रोगी आणि बाळंतिणीसुद्धा, वैशाखाच्या उन्हात पायी खेड्यांकडे हाकली गेली. चलन रद्द झाले, बाजार बंद झाले, शाळा बंद झाल्या, भिक्खूंची चीवरे उतरवली गेली. सगळ्या देशाचे एकच मोठे भातशेत करायचे असा बेत होता, आणि जो शिकलेला, जो शहरातला, जो परकी भाषा जाणणारा, तो या बेतातला शत्रू ठरला. तीन वर्षे, आठ महिने आणि वीस दिवस हे राज्य चालले. उपासमार, रोगराई, अतिश्रम आणि हत्या यांत मिळून सुमारे १७ लाख माणसे मेली, असे बरेच अभ्यासक मानतात. काही अंदाज १५ लाखांचे आहेत, काही २० लाखांचे.

मी गणिताचा शिक्षक, तेव्हा आकडा नुसता सांगून मला समाधान होत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती. बाणकोटच्या खाडीपासून वाघोटणच्या खाडीपर्यंत एकाही घरात माणूस उरला नाही, असे डोळ्यांसमोर आणावे. तरीही आकड्यात थोडी तूट राहील.

तुओल स्लेंगच्या शाळेत या राजवटीने आपला गुप्त तुरुंग काढला आणि त्याला एस-२१ हे नाव दिले. इथे आणलेले पुष्कळसे लोक खुद्द त्याच पक्षाचे कार्यकर्ते आणि सैनिक होते. आपल्यातच गद्दार शिरले आहेत या संशयाने पक्ष स्वतःलाच खात सुटला होता, आणि एकाला धरले की त्याच्या बायकामुलांनाही धरीत. आणलेल्या प्रत्येकाचा छातीवर क्रमांक लावून फोटो काढत, त्याचे चरित्र लिहून घेत, छळ करून कबुलीजबाब घेत, तो टंकलिखित करत आणि मग त्याला मारत. पुढे खटल्यात न्यायालयाने इथल्या बळींची संख्या किमान १२,००० हून अधिक धरली. जिवंत सुटलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्या व्हान नाथ या चित्रकाराला पुढाऱ्याची चित्रे काढण्यापुरते जगवले होते. चुम मेई यंत्रे दुरुस्त करू शकत म्हणून वाचले. चुम मेई आणि बोउ मेंग हे दोघे पुढे कित्येक वर्षे याच आवारात टेबल मांडून बसत आणि आपली हकिकत सांगणारी पुस्तके विकत. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्य शहरात आले. पहारेकरी पळताना जे शेवटचे चौदा कैदी मारून गेले, त्यांची प्रेते त्या खाटांवर आणि खोल्यांत सापडली, आणि त्यांची चौदा पांढरी थडगी आज मैदानात चाफ्याखाली आहेत. आमच्यातले काही जण त्या थडग्यांच्या कठड्यावर बसून पाणी प्यायले. ती थडगी आहेत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

या तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक इआव, टोपणनाव दुच, हा आधी गणिताचा शिक्षक होता.

हे मी जाण्यापूर्वी वाचले होते. वाचणे वेगळे. त्या फरशीवर उभे राहून, व्हरांड्यातून येणारा तो विशिष्ट शाळेचा उजेड अंगावर घेत, ही गोष्ट आठवणे वेगळे. मी बत्तीस वर्षे गणित शिकवले, हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, समासात लाल शाईने शेरे लिहिले : 'पायऱ्या दाखव', 'पुन्हा कर', 'अपूर्ण'. दुच हा कबुलीजबाबांच्या समासात असेच शेरे लिहीत असे. कोणाकडून आणखी नावे काढायची, कोणाचा जबाब अपुरा आहे, कोणाला संपवायचे. कागद नीट लावलेले, नोंदी नेटक्या, हजेरीपट बिनचूक. या नेटकेपणामुळेच तो पुढे खटल्यात सापडला, हा भाग निराळा. या तुरुंगाचे दप्तर २००९ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिनोंदीत घेतले. दुचला २०१० मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली, २०१२ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली, आणि २०२० मध्ये तो मेला. सर्वोच्च पुढारी पोल पॉट हासुद्धा काही काळ शिक्षक होता. तो १९९८ मध्ये, या न्यायालयासमोर कधीच उभा न राहता, गेला.

फोटोंच्या दालनात मी एकटाच राहिलो होतो. फळ्यांवर ओळीने शेकडो चेहरे, बरेचसे कोवळे, काही निव्वळ पोरे. एका मुलाच्या अंगात सदरा नव्हता म्हणून क्रमांकाचा बिल्ला त्याच्या उघड्या कातडीतच अडकवला होता, असे मला दिसले. मी पुन्हा जवळ जाऊन पाहिले. तसेच होते. तेवढ्यात खालून हाका सुरू झाल्या, कारण सव्वाअकरा वाजले होते.

तिथे एक हकिकत अशी आहे की जी आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही, आणि तीच आम्हांला कोणी सांगितली नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये फॉक्सी लेडी नावाची एक छोटी शिडाची होडी घेऊन तीन परदेशी तरुण सियामच्या आखातातून जात होते आणि कंबोडियाच्या हद्दीत आले. त्यांच्यावर गोळीबार झाला. एक जण तिथेच मेला. न्यूझीलंडचा केरी हॅमिल आणि इंग्लंडचा जॉन ड्युहर्स्ट या दोघांना धरून एस-२१ मध्ये आणले, हेर असल्याचे त्यांच्याकडून लिहून घेतले आणि मारले. पुढे २००९ मध्ये केरीचा धाकटा भाऊ दुचच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला. ज्यांच्या घरातले ट्रॉलरवर जातात, वारा फिरला की ज्यांची झोप उडते, परक्या हद्दीत बोट गेली म्हणजे काय होते हे जे दर दोन-चार वर्षांनी बातम्यांत वाचतात, अशी आठ माणसे आमच्या गटात होती. ती त्या वेळी बाहेर नारळपाणी पीत उभी होती, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

दुपारी, जेवण करून, आम्ही शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवरच्या च्युंग एकला, म्हणजे पत्रकातल्या 'किलिंग फील्ड्स'ला, गेलो. एस-२१ मधल्या कैद्यांना रात्री ट्रकने इथे आणून खड्ड्यांच्या काठावर मारत. गोळ्या महाग म्हणून बहुधा कुदळ, काठी, लोखंडी दांडा असे काहीतरी वापरत. १२९ खड्ड्यांपैकी ८६ उकरले, त्यांत जवळजवळ ९,००० माणसांचे अवशेष मिळाले, आणि उरलेले खड्डे मुद्दाम तसेच ठेवले आहेत. आज ती जागा हिरवीगार आहे. दर पावसाळ्यात माती वाहून जाते आणि हाडांचे तुकडे, कापडाच्या चिंध्या वर येतात, मग तिथली माणसे ते वेचून जपून ठेवतात. आपल्या बागेत पहिल्या पावसानंतर दगड-खापऱ्या वर येतात ना, तसे. मी एका पायवाटेवर वाकून पाहिले, तर मातीतून निळ्या कापडाची शिवण दिसत होती. दुहेरी शिवण, अजून न उसवलेली.

मध्यभागी काचेच्या भिंतींचा उंच स्तूप आहे, १९८८ मध्ये बांधलेला. आमच्या गटात मालवणकडच्या एक मावशी होत्या, मासळी सुकवून विकून जमवलेल्या पैशांतून सहलीला आलेल्या. स्तूपाच्या पायऱ्यांशी सगळे चपला काढत होते, म्हणून त्यांनीही काढल्या. देऊळ आहे असे समजून त्या हात जोडून आत गेल्या आणि मग त्यांनी वर पाहिले. काचेआड, मजल्यावर मजले, कवट्या. मी मागेच होतो. मला वाटले त्या किंचाळतील किंवा मागे वळतील. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत. तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारले, "सर, त्येंची माणसा खय गेली? आणि त्येंका मारल्यानी कित्याक?" दोन देशांचा इतिहास पोटात असलेले हे दोन प्रश्न गाडीच्या हॉर्नच्या आवाजात विचारले गेले, आणि मी उत्तराला सुरुवात करेपर्यंत सहलप्रमुख माणसे मोजू लागला होता.

त्याच संध्याकाळी नदीवर बोट होती, बोटीत गाणी होती, आमच्यातले निम्मे लोक नाचले. मी त्यांना नावे ठेवत नाही. पैसे भरले होते, कार्यक्रम पत्रकात होता, आणि दिवसभराचे काहीतरी अंगावरून झटकून टाकावेसे त्यांनाही वाटत असेल. पण मावशी जेवल्या नाहीत. सकाळी त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला.

माझीही एक कबुली इथे द्यायला हवी. तुओल स्लेंगच्या एका दाराशी हसऱ्या चेहऱ्यावर तांबडी काट मारलेला फलक आहे. इथे हसू नये, असा त्याचा अर्थ. आमच्यातल्या तिघांनी त्या फलकाशेजारी उभे राहून, गमतीचे चित्र समजून, खदखदून हसत फोटो काढून घेतला. तो फोटो त्यांच्या फोनवर काढून देणारा मी होतो. फलक मी पाहिला होता, पण वाचला नव्हता. त्यानंतर अर्ध्या तासाने मी फोटोंच्या दालनात होतो.

आता माझे म्हणणे. आपल्याकडे कोणाच्या घरी माणूस गेले की आपण समाचाराला जातो. त्याची एक रीत आहे आणि ती आपल्या गावात लहान पोरालाही ठाऊक असते. जायच्या आधी कोण गेले, कसे गेले, हे विचारून घेतो. पडवीत जाजमावर बसतो. आपण होऊन फार बोलत नाही. घरची माणसे बोलतील ते ऐकतो, आणि ती बोललीच नाहीत तरी थोडा वेळ बसून राहतो. चहाची वाट पाहत नाही. निघताना 'येतो' म्हणत नाही, नुसते उठतो. आणि समाचाराला जाऊन आल्यावर त्याच दिवशी कोणी लग्नाच्या वरातीत नाचायला जात नाही. ही माणसे, ज्यांना परक्या घरच्या दुःखाशी कसे वागायचे ते इतके नीट कळते, तीच नॉम पेन्हला जाऊन थडग्यावर बसून पाणी पितात, कारण हे समाचाराचे घर आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यांना संस्कार शिकवण्याची गरज नाही. फक्त कुठे आलो आहोत ते सांगण्याची गरज आहे, आणि ते काम तुमचे आहे.

म्हणून पहिली विनंती अशी की तुओल स्लेंग आणि च्युंग एक ही दोन ठिकाणे एकतर नीट दाखवावीत, नाहीतर पत्रकातून काढून टाकावीत. काढून टाकण्यात कमीपणा काहीच नाही. सगळ्यांनाच तिथे जायचे असते असे नाही. कोणाच्या घरात नुकतेच दुःख झालेले असते, कोणाचे काळीज नाजूक असते, कोणी खरोखरच आंग्कोर वाटचे देऊळ पाहायला आलेले असते आणि त्याने तेवढेच पाहावे. पण न्यायचे असेल तर संग्रहालयाला निदान अडीच तास द्यावेत, च्युंग एकला वेगळा अर्धा दिवस द्यावा, ज्यांना आत जायचे नाही त्यांची बसायची सोय आधीच करून ठेवावी, आणि त्या दिवसाची संध्याकाळ मोकळी ठेवावी. बोट दुसऱ्या दिवशीही नदीतच असते. रात्रीचा एक मुक्काम वाढला तर माणशी खर्च वाढेल, हे मला कळते; पण आमच्या पत्रकात दोन ठिकाणी कारखाना-भेट होती, एक मोत्यांची आणि एक रेशमाची, आणि तिथे प्रत्येकी दोन तास गेले. तो वेळ कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला ते तुम्हीही जाणता.

दुसरी विनंती भाषेबद्दल आहे. सहलप्रमुखाला सगळ्या जगाचा इतिहास ठाऊक असावा असे मी म्हणत नाही. त्याने न कळलेले सांगू नये, आणि स्थानिक मार्गदर्शक जे बोलतो ते वाक्यागणिक मराठीत आणावे, एवढेच. ज्याच्या घरातली माणसे तिथे गेली त्याच्या तोंडचे वाक्य गाळण्याचा अधिकार कोणालाच नाही. निघण्यापूर्वी कुडाळला किंवा कणकवलीला जी बैठक घेता, जिच्यात बॅगेचे वजन आणि लोणच्याच्या बरणीचे नियम सांगता, तिच्यात वीस मिनिटे या विषयाला द्यावीत.

यावर एका आयोजकाने मला फोनवर सांगितले की लोक मजेसाठी येतात, त्यांना इतके ओझे नको असते. तसे असते तर पत्रकात 'किलिंग फील्ड्स' हे शब्द ठळक अक्षरांत का असतात? त्या नावाचा थरार विकायचा आणि त्यातला अर्थ गाळायचा, हा व्यवहार मला पटत नाही. दुसरे म्हणणे असे की परक्या देशाचे दुःख, आपल्याला काय त्याचे. आंग्कोर वाटला गेल्यावर मात्र तुमचे सगळे सहलप्रमुख अभिमानाने सांगतात की हे देऊळ आपल्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ या काळात दुरुस्त केले, आणि ते खरेच आहे. आपल्या लोकांना तेव्हा तिथे जाता आले, कारण ख्मेर रूज हटल्यानंतर आलेल्या सरकारला भारताने १९८० मध्येच मान्यता दिली होती, ज्या वेळी जगातले बहुतेक देश ती द्यायला तयार नव्हते आणि संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची मारणाऱ्यांच्याच प्रतिनिधींकडे होती. देवळाचा अभिमान बाळगायचा तर या गोष्टीचाही उल्लेख व्हायला हरकत नसावी.

शब्दाबद्दल एक खुलासा, कारण परत आल्यावर एका स्नेह्यांनी वाद घातला. संग्रहालयाच्या नावात वंशसंहार हा शब्द आहे, आणि आपल्याच देशबांधवांना मारले तर तो वंशसंहार कसा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह नष्ट करण्याच्या हेतूने केलेल्या कृत्यांना हा शब्द लागतो. राजकीय शत्रूंच्या कत्तलीला तो लागत नाही. म्हणून नॉम पेन्हच्या न्यायालयाने १६ नोव्हेंबर २०१८ रोजी निकाल देताना नुऑन चिआ या पुढाऱ्याला व्हिएतनामी आणि चाम मुसलमान या दोन समूहांच्या वंशसंहाराबद्दल दोषी धरले, खिऊ साम्फान याला व्हिएतनामींच्या वंशसंहाराबद्दल, आणि उरलेल्या लाखोंच्या मृत्यूंना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले. तिथल्या सामान्य माणसाच्या तोंडी मात्र सगळ्यासाठी एकच शब्द आहे, आणि मी त्याच्याशी वाद घालायला जाणार नाही.

तुम्हांला ही मागणी जाचक वाटत असेल तर आपल्या किनाऱ्याकडेच पाहावे. पुण्या-मुंबईचे लोक वाळूत गाड्या घालतात, देवळाच्या सभामंडपात चपला घालून फिरतात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर महाराजांच्या मंदिरासमोर पाठ करून फोटो काढतात, तेव्हा ग्रामसभेत आपण किती तावातावाने बोलतो. ते लोक सगळे वाईट नसतात. त्यांना आणणाऱ्याने काही सांगितलेले नसते, इतकेच असते. तिकडे गेल्यावर आपण पुण्या-मुंबईचे होतो.

तुओल स्लेंग, च्युंग एक आणि आणखी एक जुना तुरुंग अशी तीन ठिकाणे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली आहेत. म्हणजे पुढच्या वर्षीच्या पत्रकांत त्यांची नावे आणखी ठळक होतील, हे मी गृहीत धरतो. सहलींची नोंदणी आंब्याचा हंगाम संपला की सुरू होते आणि कार्यक्रम त्याआधी छापायला जातात, म्हणून हे पत्र आताच लिहिले.

मी एक दोन पानी टिपण तयार केले आहे. काय झाले, केव्हा झाले, आत गेल्यावर काय दिसेल, थडगी कोणती, कुठे बसू नये, फलकांवर काय लिहिले आहे, असा साधा मजकूर आहे. मावशींना ते वाचून दाखवले. त्यांनी दोन वाक्ये कठीण म्हणून बदलायला लावली आणि चौदा थडग्यांचा उल्लेख खालून वर, पहिल्या परिच्छेदात आणायला सांगितला. त्याची प्रत आमच्या गावच्या वाचनालयात ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी न्यावी, आपल्या पत्रकामागे छापावी, माझे नाव घालू नये. छापण्यापूर्वी एखाद्या तिथल्या मार्गदर्शकाकडून तपासून घेतली तर बरे होईल, कारण तारखा मी जुळवून पाहिल्या आहेत, पण दारे आणि वाटा चाळीस मिनिटांत जेवढ्या दिसल्या तेवढ्याच माझ्या लक्षात आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग